गेले आणि परतलेही: स्कॉटिश घराण्याचा माग कसा काढायचा

१९०१ सालची स्कॉटलंडची शिरगणती. ॲबर्डीन शहरातलं एक बिऱ्हाड. घरकर्ता ग्रॅनाइटचा पाथरवट, त्याची बायको, पाच मुलं. थोरली दोन मुलं ॲबर्डीनला जन्मलेली, मधल्या दोघांपुढे जन्मस्थळ म्हणून नुसतं 'अमेरिका', आणि शेंडेफळ पुन्हा ॲबर्डीनचं.

हे माझ्या नवऱ्याच्या खापरपणजोबांचं घर. "ते अमेरिकेत जाऊन आले होते म्हणे," याहून जास्त सासूबाईंना सांगता येत नव्हतं. कधी, कुठे, किती वर्षं, कशाला, काही नाही. जन्मस्थळाच्या त्या एका रकान्याने मला पहिली चौकट आखून दिली: दुसऱ्या मुलानंतर गेले, चौथ्यानंतर परतले. पुढचं सगळं काम म्हणजे ही चौकट आवळत नेणं.

स्कॉटलंडमधून परदेशी गेलेल्यांपैकी, विशेषतः आगबोटींमुळे प्रवास सोपा झाल्यानंतर, सुमारे एक तृतीयांश लोक कधी ना कधी परतले असावेत असा इतिहासकारांचा अंदाज आहे. तरी वंशावळ शोधणारे बहुतेक जण जाणाऱ्यांच्या मागे लागतात. कारण जाण्याचा कागद असतो. 'हा माणूस परत आला' असा शिक्का मात्र कुठल्याच दप्तरात मारलेला नसतो. परतणं हे दोन नोंदींच्या मधल्या फटीत वाचावं लागतं, आणि ते कसं वाचायचं हे एकदा कळलं की कामाला गोडी येते. लग्नाने स्कॉटिश घरात आलेल्या, किंवा इथे स्कॉटलंडमध्ये शिकायला-नोकरीला येऊन सोयरीक जुळलेल्या मराठी माणसांसाठी हा लेख मुद्दाम पायरीपायरीने लिहिते आहे.

आपल्याकडचा कुलवृत्तांत मूळ पुरुषापासून खाली उतरत येतो. इथे ती सवय बाजूला ठेवा. आपल्यापासून सुरू करायचं आणि एकेक पिढी वर चढायचं, पुरावा हातात आल्याशिवाय वरच्या पायरीवर पाय ठेवायचा नाही.

१. आधी घरातली माणसं

वडीलधाऱ्यांना "पणजोबा कधी गेले?" असं विचारलंत तर उत्तर येत नाही. "ही बशी कुणाची?" विचारलंत तर अर्धा तास गोष्टी निघतात. वस्तूंपासून सुरुवात करा. जुन्या फोटोच्या जाड पुठ्ठ्यावर खाली किंवा मागे छायाचित्रकाराचं नाव आणि गाव छापलेलं असतं, आणि कुटुंब परदेशी नेमकं कुठे राहत होतं हे कित्येकदा तिथेच पहिल्यांदा कळतं. घरच्या बायबलच्या कोऱ्या पानांवर जन्म-मृत्यूच्या तारखा लिहिलेल्या असतात. पोस्टकार्डावरचा टपालाचा शिक्का बघा. घराच्या दारावरचं नाव बघा, कारण परतलेली माणसं आपल्या घराला पुष्कळदा तिकडच्या गावाचं नाव देत.

प्रत्येक गोष्ट कुणी सांगितली आणि कोणत्या तारखेला, हे शेजारी लिहा. सहा महिन्यांनी तुम्हालाच आठवणार नाही की 'व्हरमाँट' हे नाव आत्याबाईंनी सांगितलं होतं की तुम्ही कुठे वाचलं होतं.

२. दाखल्यांची शिडी

स्कॉटलंडमध्ये जन्म, विवाह आणि मृत्यूची सरकारी नोंदणी १ जानेवारी १८५५ ला सुरू झाली. शोधाची मुख्य जागा म्हणजे 'स्कॉटलंड्स पीपल' हे सरकारी संकेतस्थळ. नावनोंदणी आणि सूचीतला शोध फुकट आहे, मूळ पानाची प्रतिमा पाहायला क्रेडिट विकत घ्यावी लागतात. प्रत्येक प्रतिमेचे वेगळे पैसे पडतात. म्हणून दिसेल ते उघडत सुटू नका. आधी सूचीत वय, पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला गावभाग) आणि जिथे चालेल तिथे आईचं माहेरचं आडनाव घालून गाळणी लावा. जन्माच्या नोंदींच्या प्रतिमा शंभर वर्षांनी, विवाहाच्या पंचाहत्तर आणि मृत्यूच्या पन्नास वर्षांनी ऑनलाइन खुल्या होतात. त्याहून अलीकडचं हवं असेल तर दाखला मागवावा लागतो किंवा एडिंबरातल्या जनरल रजिस्टर हाउसमधल्या केंद्रात जाऊन बसावं लागतं.

स्कॉटिश दाखल्यांचं मोल इंग्लंडच्या दाखल्यांपेक्षा फार जास्त आहे. विवाहाच्या नोंदीत वधू-वर दोघांच्याही आई-वडिलांची नावं असतात, आईचं माहेरचं आडनावसुद्धा. मृत्यूच्या नोंदीतही आई-वडील दोघंही. म्हणजे ऐंशी वर्षांची म्हातारी १८६० मध्ये वारली असेल तर एका कागदावर तुम्ही १७८० च्या आसपासच्या जोडप्यापाशी पोहोचता. जन्माच्या नोंदीत आई-वडिलांच्या लग्नाची तारीख आणि ठिकाण असतं (१८५६ ते १८६० ही पाच वर्षं सोडून). परतीच्या शोधात ही ओळ फार कामाची. मूल ॲबर्डीनला जन्मलंय आणि आई-वडिलांचं लग्न मात्र 'मेलबर्न, व्हिक्टोरिया' इथलं, असं दिसलं की एका ओळीत घराण्याचा समुद्रप्रवास हाती लागला.

पहिल्या वर्षाचे, म्हणजे १८५५ चे दाखले विशेष जपून वाचा. त्या एका वर्षी जन्मनोंदीत आई-वडिलांची वयं, जन्मगावं आणि आधीच्या मुलांची संख्याही विचारली गेली, मृत्यूच्या नोंदीत जन्मगाव आणि सगळ्या मुलांची नावं. एवढा पसारा निबंधकांना झेपेना, म्हणून पुढच्या वर्षापासून रकाने कमी झाले. थेट पूर्वजांपैकी कुणी १८५५ मध्ये जन्मलं किंवा वारलं नसेल तर त्यांची भावंडं बघा. चुलत आजोबांच्या दाखल्यावरही आई-बाप तेच असतात.

एक सावधगिरी. मृत्यूच्या नोंदीतली माहिती मेलेल्या माणसाने दिलेली नसते, हे उघड असूनही विसरायला होतं. ती कुणी दिली ते शेवटाकडच्या एका रकान्यात असतं. सख्ख्या मुलाने दिली असेल तर वजन वेगळं, शेजाऱ्याने किंवा जावयाने दिली असेल तर वेगळं. परदेशात राहून आलेल्या माणसाच्या आई-वडिलांची नावं जावयाला कुठून माहीत असणार?

३. शिरगणती, आणि त्यातला जन्मस्थळाचा रकाना

१८४१ पासून दर दहा वर्षांनी झालेल्या शिरगणत्या १९२१ पर्यंत पाहता येतात. १८४१ ची जरा कोरडी आहे: पंधराच्या वरची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहिलेली, नातं लिहिलेलं नाही, आणि जन्म याच परगण्यातला की नाही एवढंच. १८५१ पासून जन्माची पॅरिश आणि घरकर्त्याशी नातं मिळतं. १८६१ पासून घरात खिडकी असलेल्या खोल्या किती, हेही. माणसं परदेशी का गेली असतील याचं उत्तर कधी कधी त्या खोल्यांच्या आकड्यात असतं: सात माणसं, खिडकी असलेली खोली एक.

आता मुख्य युक्ती. आई-वडिलांचा जन्म कुठला हे नंतर, आधी मुलं वयानुसार एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकापुढे जन्मस्थळ. परदेशात जन्मलेलं पहिलं मूल आणि शेवटचं मूल ही तुमच्या शोधाची दोन टोकं. शेजारच्या घरांची पानंही वाचा. एकाच गल्लीतल्या तीन घरांत अमेरिकेत जन्मलेली मुलं दिसली, तर ती माणसं एकत्र गेली होती हे जवळजवळ ठरलंच.

१९११ च्या शिरगणतीत विवाहित बाईला आणखी एक प्रश्न होता: लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जिवंत जन्मली, त्यांतली किती हयात आहेत. आमच्या खापरपणजीपुढे लिहिलंय: सात जन्मली, पाच हयात. माझ्याकडे सहाच होती, पाच घरातली आणि एक ॲबर्डीनला तान्हेपणी गेलेलं. सातवं कुठल्याही स्कॉटिश दप्तरात नव्हतं. हा आकडा पाहिला तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते आणि मला झोप आली नाही. त्या मुलाकडे पुढे येते.

४. दोन रकान्यांचा कागद

एक मोठा कागद घ्या. मध्ये उभी रेघ. डावीकडे 'इकडे', उजवीकडे 'तिकडे'. कडेला वर्षं. हाती आलेला प्रत्येक पुरावा आपापल्या बाजूला लिहा. आमचा कागद असा भरत गेला: १८८६, दुसरं मूल, ॲबर्डीन, इकडे. १८८९, तिसरं मूल, अमेरिका, तिकडे. १८९१ ची स्कॉटलंडची शिरगणती, कुणीही नाही. १८९२, अमेरिका. १८९५ च्या घरपट्टीच्या यादीत भाडेकरू म्हणून नाव, इकडे. म्हणजे जाणं १८८६ ते ८९ मध्ये आणि परतणं १८९२ ते ९५ मध्ये.

ही घरपट्टीची यादी म्हणजे व्हॅल्युएशन रोल. १८५५ पासून दर वर्षी तयार झालेल्या या याद्यांत घराचा मालक, भाडेकरू, राहणारा आणि भाडं असतं. ऑनलाइन साधारण दर दहा वर्षांची एक, १८८५, १८९५, १९०५ अशी मिळते. शिरगणती एकच्या साली आणि ही पाचच्या साली, त्यामुळे दोन शिरगणत्यांमधली पोकळी बरोबर मध्यावर भरून निघते. यात फक्त घरकर्त्याचं नाव असतं, बायकामुलांची नाही, एवढं लक्षात ठेवा.

'कुणीही नाही' हीसुद्धा नोंद आहे. शोधूनही सापडलं नाही, कुठे कुठे आणि कोणत्या वर्तनीने शोधलं, हे कागदावर लिहा.

५. जहाजांच्या याद्या

नवखे लोक इथूनच सुरुवात करतात आणि इथेच थकतात. ब्रिटनहून बाहेर जाणाऱ्यांच्या प्रवासी याद्या १८९० ते १९६० एवढ्याच काळातल्या उरल्या आहेत. बाहेरून येणाऱ्यांच्या १८७८ पासूनच्या आहेत, मध्ये १८८९ च्या आसपास खंड. मूळ कागद लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आणि प्रतिमा पैसे भरून पाहायच्या मोठ्या संकेतस्थळांवर. युरोपातली आणि भूमध्य समुद्रातली ये-जा यांत नाही. जुन्या याद्यांत प्रवासी कोणत्या गावचा हे नसतं, इंग्लिश, स्कॉच की आयरिश एवढा रकाना असतो. आडनाव नेहमीचं असेल तर ग्लासगोला उतरलेल्या अशा डझनभर माणसांतून आपला निवडता येत नाही. सगळं कुटुंब एकत्र प्रवास करत असेल तर मुलांच्या नावांच्या आणि वयांच्या जुळणीवरून ओळख पटते. म्हणून आधी ती चौकट आवळून घ्या आणि मग यादीत शिरा.

आमची माणसं १८९० च्या आधी गेली, त्यामुळे इकडे यादी नाहीच. अशा वेळी पलीकडच्या बंदराची यादी बघायची. न्यूयॉर्कला उतरणाऱ्यांची नोंद १८९० पर्यंत कॅसल गार्डनला होई, एलिस आयलंड १८९२ मध्ये सुरू झालं. बॉस्टनची वेगळी. कॅनडाच्या क्वेबेकला उतरून पुढे आगगाडीने अमेरिकेत जाणारेही पुष्कळ होते आणि क्वेबेकच्या याद्या १८६५ पासूनच्या आहेत.

अमेरिकेत उतरणाऱ्यांच्या याद्या १८९३ नंतर एकदम बोलक्या होतात. तिकिटाचे पैसे कुणी भरले, कुणाकडे चाललात, आणि 'यापूर्वी अमेरिकेत राहिलात का, कधी, कुठे' असे प्रश्न त्यांत आहेत. १९०७ पासून मायदेशातल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव आणि पत्ताही. आमचे पाथरवटबुवा १९०७ च्या वसंतात एकटेच पुन्हा गेले. त्या नोंदीत त्यांनी आधीच्या मुक्कामाची वर्षं आणि गाव आपण होऊन सांगितलंय: बॅरी, व्हरमाँट. वीस वर्षांपूर्वीच्या प्रवासाचा पुरावा दुसऱ्या प्रवासाच्या कागदावर मिळाला. जो माणूस एकदा परतला तो पुन्हा गेला असेल, हे धरूनच शोधा.

६. तिकडची दप्तरं

बॅरी हे व्हरमाँट राज्यातलं ग्रॅनाइटच्या खाणींचं गाव. १८८० च्या दशकापासून ॲबर्डीनचे पाथरवट तिथे ओढले गेले, इतके की १८९९ मध्ये तिथे कवी रॉबर्ट बर्न्सचा ग्रॅनाइटचा पुतळा उभा राहिला. ॲबर्डीनच्या पाथरवटांत वसंतात जायचं, हंगाम करायचा आणि थंडीत घरी यायचं अशीही रीत होती. त्यामुळे 'स्थलांतर' हा शब्द या माणसांना नीट लागूच पडत नाही. मिस्तरी जसा कामामागे गाव बदलतो तसे ते महासागर ओलांडत.

अमेरिकेची शिरगणती शून्याच्या सालातली: १८८०, १८९०, १९००. यातली १८९० ची जवळजवळ सगळी १९२१ मध्ये वॉशिंग्टनला लागलेल्या आगीत गेली. जी कुटुंबं १८८० नंतर गेली आणि १९०० च्या आत परतली, ती अमेरिकेच्या शिरगणतीत सापडतच नाहीत. आमची तशीच. अशा वेळी त्या राज्याच्या जन्म-मृत्यूच्या नोंदींकडे वळायचं. व्हरमाँटच्या नोंदी 'फॅमिलीसर्च' या फुकट संकेतस्थळावर आहेत. तिथे मला तिसरं आणि चौथं मूल मिळालं. आणि त्या दोघांच्या मध्ये, १८९० च्या डिसेंबरात जन्मलेली एक मुलगी. अकरा आठवड्यांनी तिच्या मृत्यूची नोंद. १९११ च्या आकड्यातलं सातवं मूल ते हेच.

१९०० पासूनच्या अमेरिकी शिरगणतीत देशात आल्याचं वर्ष आणि नागरिकत्व घेतलं की नाही हेही विचारलेलं आहे. वर्षानुवर्षं राहूनही ज्याने नागरिकत्वाचा अर्जच केला नाही, त्याच्या मनात परतणं होतं का, हा प्रश्न मी तरी नेहमी विचारते. कॅनडाच्या १९०१ च्या शिरगणतीतही येण्याचं वर्ष आहे.

ऑस्ट्रेलियात प्रत्येक वसाहतीची नोंदणी वेगळी होती, आणि व्हिक्टोरियाचे दाखले स्कॉटलंडच्या तोडीचे: मृत्यूच्या दाखल्यात आई-वडील, जन्मगाव, लग्न, मुलं आणि वसाहतीत किती वर्षं राहिले हे सगळं. १८५२ ते १८५७ या काळात स्कॉटलंडच्या डोंगराळ हायलँड्समधून आणि बेटांवरून जवळजवळ पाच हजार माणसं ज्या संस्थेने ऑस्ट्रेलियाला पाठवली, त्या 'हायलँड अँड आयलंड इमिग्रेशन सोसायटी'च्या याद्या कुटुंबवार आहेत. तिकडची जुनी वर्तमानपत्रं 'ट्रोव्ह' या संकेतस्थळावर फुकट, न्यूझीलंडची 'पेपर्स पास्ट'वर. न्यूझीलंडमधलं डनीडन १८४८ मध्ये स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या (चर्च ऑफ स्कॉटलंडमधून फुटून निघालेल्या पंथाच्या) लोकांनी वसवलं. पूर्वज त्या चर्चचे असतील तर तिकडे आधी बघा.

ऑर्कनी बेटांवरचं घराणं असेल तर तुम्ही नशीबवान. फरचा व्यापार करणाऱ्या हडसन बे कंपनीची जहाजं कॅनडाकडे जाताना ऑर्कनीच्या स्ट्रॉमनेस बंदरात थांबत, पाणी भरत आणि माणसं घेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस कंपनीच्या नोकरांत बहुसंख्य ऑर्कनीचे होते. करार ठरावीक वर्षांचा, त्यामुळे परतणारे बरेच. कंपनीचं दप्तर आता कॅनडातल्या विनिपेगला आहे आणि कित्येक नोकरांचं एकपानी चरित्रपत्रक ऑनलाइन फुकट मिळतं: मूळ पॅरिश, कोणत्या वर्षी कोणत्या ठाण्यावर, कोणत्या जहाजाने परत. तिकडे स्थानिक आदिवासी बायकांशी त्यांचे संसार झाले, आणि काही बाप मुलांना घेऊन ऑर्कनीला परतले. त्या मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी बेटावरच्या रजिस्टरांत आहेत. आईचं नाव बहुतेकदा नसतं. तिच्याकडच्या वंशाचा शोध कॅनडातच घ्यावा लागतो, आणि तो घ्यायला हवा.

आणि भारत. डंडीच्या ताग गिरण्यांतले मिस्तरी आणि मॅनेजर हुगळीकाठच्या गिरण्यांत वर्षानुवर्षं काम करून घरी परतत. मुंबई इलाख्यात सैन्यातले, मिशनरी, डॉक्टर, व्यापारी असे स्कॉट पुष्कळ. त्यांचे बाप्तिस्मे, विवाह आणि दफनं यांच्या चर्चकडून आलेल्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस दप्तरात आहेत: बंगाल, मद्रास आणि मुंबई अशा तीन मालिका. 'फिबिस' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेची सूची फुकट शोधता येते.

मराठी वाचकाला माहीत असलेलं एक उदाहरण घेऊ, कारण त्यात परतलेल्या माणसाचे दोन सापळे एकत्र आहेत. साताऱ्याचा रेसिडेंट आणि मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ. तो १७८९ मध्ये बॅन्फ इथे जन्मला तो जेम्स ग्रँट म्हणून. मुंबईच्या सैन्यात आला तोही ग्रँट म्हणून. साताऱ्याहून तब्येत ढासळून मायदेशी गेल्यावर आईकडची ईडनची जमीनजायदाद त्याच्याकडे आली आणि त्याने तिच्या घराण्याचं 'डफ' हे आडनाव पुढे जोडलं. भारतातल्या सुरुवातीच्या कागदांत 'ग्रँट डफ' शोधणाऱ्याला तो सापडणार नाही. दुसरा सापळा मुलाच्या नावाचा: १८२९ मध्ये झालेल्या मुलाचं नाव ठेवलं माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. हे दोन्ही घराण्यांतल्या कुठल्या आजोबांचं नाव नव्हे, मुंबईच्या गव्हर्नरचं. असं अनोखं नाव दिसलं की परदेशातला साहेब, उपकारकर्ता किंवा मित्र शोधा.

७. नावं

खालचा नेम बहुतेक स्कॉटिश घरांत कमी-जास्त पाळला जाई. पहिला मुलगा वडिलांच्या वडिलांच्या नावाचा, दुसरा आईच्या वडिलांच्या, तिसरा स्वतः वडिलांच्या. पहिली मुलगी आईच्या आईच्या नावाची, दुसरी वडिलांच्या आईच्या, तिसरी आईच्या. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत आपल्याला नवी नाही, त्यामुळे हे मराठी माणसाला पटकन उमगतं. फायदा असा की आजोबांचं नाव काय असेल याचा अंदाज बांधता येतो. तोटा असा की चार भावांचे चार थोरले मुलगे एकाच नावाचे, एकाच पॅरिशमध्ये, दोन-दोन वर्षांच्या अंतराने. म्हणून नुसत्या नावावर कधीही विश्वास टाकू नका. नाव, धंदा, आईचं माहेर आणि पत्ता या चारांतल्या तीन गोष्टी जुळल्या तरच माणूस आपला. तान्हं मूल गेलं की पुढच्याला तेच नाव देत, तेही ध्यानात असू द्या.

गेलिक ही जुनी स्कॉटिश भाषा बोलणाऱ्या घरांत एका माणसाची दोन-तीन नावं असतात. यूअन कागदावर ह्यू होतो. ओइरिक ही एफी किंवा यूफेमिया होते. जेनेट, जेसी, जीन, जेन या एकमेकींत मिसळतात. डोनाल्ड समुद्र ओलांडून डॅनियल होतो आणि परतला की पुन्हा डोनाल्ड. 'मॅक' कधी 'मॅक', कधी 'एमसी', कधी गळूनच गेलेलं. बाईचा मात्र एक मोठा आधार: स्कॉटलंडमध्ये लग्नानंतरही तिचं माहेरचं आडनाव कायदेशीर कागदांत, मृत्युपत्रात आणि थडग्यावर टिकून राहतं. अमेरिकेच्या किंवा कॅनडाच्या कागदात ते हरवतं.

८. परतल्यानंतरचे कागद

परतलेला माणूस दोन प्रकारे दप्तरात उमटतो: पैसा घेऊन आला तर आणि रिकाम्या हाताने आला तर.

पैसेवाल्याचं मृत्युपत्र बघा, त्याची पाने 'स्कॉटलंड्स पीपल'वर आहेत. त्यात 'पूर्वी अमुक वसाहतीत, नंतर इथे राहणारा' अशा धाटणीचं वर्णन असतं, आणि तिकडे राहिलेल्या भावंडांना ठेवलेल्या रकमा. १८६८ पूर्वी जमीन मृत्युपत्राने देता येत नसे, वारसाला आपला हक्क सिद्ध करून घ्यावा लागे. म्हणून परदेशातल्या थोरल्या मुलाचं नाव त्या वारसनोंदींच्या सूचीत निघतं.

गरिबाचं दप्तर अधिक बोलतं. १८४५ च्या गरीब कायद्यानंतर मदत मागणाऱ्याची सगळी कहाणी लिहून घेत, कारण खर्च कोणत्या पॅरिशने सोसायचा हे ठरवायचं असे. जन्म कुठला, सलग पाच वर्षं कुठे राहिला, मधली वर्षं कुठे, मुलं कुठे झाली. ग्लासगोचे अर्ज मिचेल लायब्ररीतल्या शहर अभिलेखागारात आहेत आणि मी वाचलेल्या सगळ्या कागदांत माणूस इतका जवळ दुसरीकडे येत नाही. आजारी होऊन परतलेले, नवरा तिकडेच राहिलेल्या बायका, तिकडून पैसे यायचे थांबलेली घरं. वाचताना घाई करू नका.

वर्तमानपत्रातल्या मृत्यूच्या सूचनेखाली 'अमेरिकेतल्या पत्रांनी कृपया उद्धृत करावे' अशा अर्थाची ओळ असे. ती दिसली की तिकडे जवळचं कुणीतरी आहे हे नक्की, आणि देशाचं नावही फुकट मिळालं. थडग्यावरचे लेख याच कामाचे: परदेशात पुरलेल्या मुलांची नावंही घरच्या दगडावर कोरत. इथल्या बहुतेक भागांत कुटुंब-इतिहास मंडळांनी स्मशानांतले लेख उतरवून पुस्तिका काढल्या आहेत. स्वतः गेलात तर सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरपं ऊन गाठा, झिजलेली अक्षरं उठून दिसतात. दगड खरवडू नका, खडू लावू नका.

आमचे पाथरवटबुवा १९१३ मध्ये ॲबर्डीनलाच वारले. दाखल्यावर कारण फुप्फुसांचा क्षय. हवेच्या दाबावर चालणारी हत्यारं १८९० च्या दशकात आली, बंद शेडमध्ये ग्रॅनाइटची धूळ वाढली आणि पाथरवटांच्या छातीत बसली. माणूस का परतला याचं उत्तर मृत्यूच्या कारणात असू शकतं, म्हणून तो रकाना ओलांडून पुढे जाऊ नका.

९. १८५५ च्या मागे

इथून पुढे वाट अरुंद होते. जुनी पॅरिश रजिस्टरं चर्च ऑफ स्कॉटलंडची. सगळ्यांत जुनं एरल या गावचं, १५५३ चं, पण कित्येक ठिकाणी, विशेषतः बेटांवर, सुरुवातच फार उशिरा. त्यांत जन्म नाही, बाप्तिस्मा असतो, विवाहाऐवजी अनेकदा विवाहाची घोषणा, दफनं क्वचित. १७८३ ते १७९४ मध्ये प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता, म्हणून अनेकांनी नोंदच टाळली. १८४३ मध्ये चर्च फुटलं आणि फ्री चर्चमध्ये गेलेल्यांची मुलं या रजिस्टरांत दिसेनाशी झाली.

तिथे कर्क सेशनची इतिवृत्तं उपयोगी पडतात. कर्क सेशन म्हणजे चर्चच्या वडीलधाऱ्यांची स्थानिक मंडळी. कुणी गाव सोडताना वर्तणुकीचा दाखला नेला, परक्या गावाहून कोण आलं, लग्नाआधी मूल झालं तर बाप कोण आणि तो 'अमेरिकेला पळाला' का, हे सगळं त्यांत आहे. पानं ऑनलाइन वाचायला पैसे लागत नाहीत, पण नावांची सूची नाही, त्यामुळे हस्ताक्षराची सवय करून एकेक पान उलटावं लागतं. त्याच वेळी नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या फुकट नकाशांवर ती वाडी शोधून ठेवा. आज नावही न उरलेली वस्ती तिथे घरांसकट दिसते.

१०. जे परतले नाहीत

परतलेल्याचा माग काढताना तिकडे राहिलेला भाऊ हमखास भेटतो. त्याला सोडू नका. जुने फोटो आणि पत्रं बहुधा त्याच्या वंशजांकडे असतात, कारण घरून आलेलं पत्र परदेशातला माणूस जपून ठेवतो. डीएनए चाचणी इथेच खरी उपयोगाची. तुमच्या नवऱ्याची किंवा बायकोची नको, घरातल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीची करा, तिची संमती घेऊन आणि अनपेक्षित नातं निघू शकतं हे आधी सांगून.

सासूबाईंच्या चाचणीतून व्हरमाँटमधल्या एका बाईंशी नातं निघालं. खापरपणजोबांचा धाकटा भाऊ त्यांच्याबरोबर गेला होता आणि बॅरीलाच राहिला. मी पत्रात आमचा दोन रकान्यांचा कागद जोडला आणि तीनच प्रश्न विचारले: भावाचा धंदा काय, कोणत्या गल्लीत राहत, आणि १८९१ च्या फेब्रुवारीत गेलेल्या तान्ह्या मुलीबद्दल घरात कधी काही बोललं गेलं का. पहिल्या पत्रात इतकंच विचारावं, वंशावळीचं भेंडोळं पाठवू नये. पाच आठवड्यांनी उत्तर आलं. त्यांच्या पणजोबांनी भावाच्या मुलीला आपल्या कुटुंबाच्या जागेत पुरलं होतं, स्वतः दगड घडवला होता. फोटोत एक हातभर उंचीचा करडा दगड आहे. त्यावर तिचं नाव आहे, तिच्या आजीचं, आईच्या आईचं नाव, जे थोरल्या मुलीलाही दिलेलं नव्हतं. ॲबर्डीनच्या कागदात मी त्या आजीला दोन वर्षं शोधत होते.